आंबट तोंडाचा नाश्ता

३ जून

वन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा कागद घेऊन बसले आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे फाडून टाकाल अशी भीती आहेच. फाडण्याआधी एवढं वाचा.

तुमच्या दादांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, डॉक्टर समाधानी आहेत. पण आवाज गेला आहे आणि गिळणं अवघड झालं आहे. पाणी प्यायले तर ठसका लागतो, जरा कडक खाल्लं तर अडकतं. चालतं ते फक्त मऊ, दाट आणि एकसारखं. दाणा नको, चुरा नको, पाणी वेगळं नि चोथा वेगळा असं काही नको. हॉस्पिटलने पदार्थांचा एक कागद दिला आहे. त्यातलं मी आळीपाळीने करते आणि हे आळीपाळीने तोंड फिरवतात. पूर्वी छप्पन्न किलो होते, आज सत्तेचाळीस भरले. चव्वेचाळीसच्या खाली गेले तर पोटातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. बोलायला म्हणून यांना एक पाटी आणून दिली आहे. त्या दिवशी तिच्यावर ‘नळी नको’ एवढंच लिहिलं आणि पाटी उशीखाली सारून दिली.

तुम्ही रोज सकाळी बाटल्यांच्या कारखान्यात एकशे चाळीस माणसांना नाश्ता घालता. मला नाश्त्याचं मऊ काहीतरी सुचवा. आणि जमलं तर तुमचा चीजकेक, खालच्या बिस्किटांच्या थराशिवाय. तो विषय काढायचा मला अधिकार नाही, हे मला कळतं.

मी लिहिलं आहे हे यांना माहीत नाही.

वहिनी

९ जून

वहिनी,

पूर्वी मी तुम्हाला अगंतुगं करायचे. आता अहोजाहो करते. त्याने हातभर अंतर राहतं आणि ते मला बरं पडतं.

तर ‘आंबट तोंड’ला आता मऊ हवं झालं. वीस वर्षं दर रविवारी पेपरात त्या नावाखाली माझ्या भावाने शहरातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याची सालटी काढली. कोणाचं आमलेट म्हणजे पायपुसणं, कोणाचा पाव म्हणजे वीट. लोक चहाबरोबर वाचायचे आणि खिदळायचे. मीही खिदळायचे, माझी पाळी येईपर्यंत.

तुम्ही विसरला असाल तर सांगते. माझं दुकान उघडून आठ दिवस झाले होते. सहा टेबलं, सकाळी नाश्ता, दिवसभर चीजकेक. दादा तापाने फणफणला होता, म्हणून येऊ शकला नाही. मी काय करावं? ओव्हनमधून नुकताच काढलेला केक, ज्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो, तो भावाच्या मायेने कापला आणि डब्यात घालून तुमच्या हाती दिला. रविवारी पेपर उघडते तर ‘मधोमध कच्चा, कडेने रागावलेला. मालकीणबाईंना घाई कसली झाली आहे, पदार्थाची की गल्ल्याची?’ लोक ते कात्रण घेऊन दुकानात यायचे, टेबलावर ठेवायचे आणि चहा तेवढा मागवायचे. पाच महिन्यांत मी शटर खाली ओढलं. त्या दिवसापासून आजपर्यंत अकरा वर्षांत त्याने एका शब्दाने खुलासा केला नाही.

आता असल्या माणसाने तोंड फिरवलं तर मला रडायला बोलावू नये. त्याला त्याचीच कात्रणं दुधात भिजवून द्या, पेपरचा कागद लवकर मऊ होतो.

चीजकेकचं नाव काढू नका. अंड्यांचं तेवढं सांगते आणि तेही त्याच्यासाठी नाही. हॉस्पिटलच्या कागदांत अंडी कशी करायला सांगतात ते मी पाहिलं आहे, आणि अंड्यांनी कोणाचं काही बिघडवलेलं नाही. दोन अंडी, एक जादा पिवळं, दोन चमचे साय, मीठ. घोटायचं आणि गाळणीतून काढायचं. खाली पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर भांडं ठेवा आणि लाकडी चमच्याने तळ खरवडत वीस मिनिटं उभ्या राहा. गुठळी झाली तर समजा तुमचं लक्ष टीव्हीकडे होतं. कस्टर्डइतकं दाट झालं की उतरवून लोण्याचा खडा घाला.

ती नळी नक्की कुठून घालतात? आणि किती दिवस ठेवतात? नुसतं विचारते आहे.

कँटीनवाली

१४ जून

वन्सं,

नळी पोटाला छिद्र पाडून घालतात. किती दिवस, ते कोणी सांगत नाही.

अंडी तुम्ही सांगितली तशीच केली. टीव्ही बंद होता. आठ चमचे गेले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढे. मग यांनी पाटी मागितली. जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते, मला तुम्हा दोघांच्या मध्ये पडायचं नाही.

‘कँटीनचं अंडं. एकशे चाळीस जणांची भूक बघून केलेलं, त्यातल्या एकाचीही नाही.’

मी तुमचं नाव काढलं नव्हतं. पहिल्याच चमच्याला ओळखलं असावं. वजन पंचेचाळीस आठशे आहे, पण उतरायचं थांबलं आहे. आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका. दुसरं काही सुचवायचं नसेल तर मी समजून घेईन.

वहिनी

१८ जून

वहिनी,

समजून कशाला घेता? मी घाबरून पळाले असं त्याला वाटायला हवं आहे का?

त्याला सांगा, माझी एकशे चाळीस माणसं भट्टीपुढे उभी राहून काम करतात. त्यांच्या ताटल्या रिकाम्या परत येतात, मी मोजते. त्याच्या लेखांच्या बदल्यात पेपरच्या कचेरीत शिव्यांची किती पत्रं यायची ते मला ठाऊक आहे. घसा कापला तरी जिभेचा कंड गेला नाही. आवाज नसलेला माणूस टोमणे मारतो आणि त्याची बायको ते सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवते, हे तर अजबच आहे.

ओट्स घ्या. आधी कोरडे भाजून मिक्सरमधून पिठासारखे करा. दूध घालून मंद आचेवर शिजवा, चमचा उभा राहील इतकं दाट. पातळ केलंत तर दूध एकीकडे आणि ओट्स एकीकडे होतील आणि ठसका लागेल, तेव्हा हात सैल सोडू नका. पिकलेलं केळं गाळून त्यात घाला. सफरचंद वाफवून, गाळून, वेगळं द्या. तो लहानपणी साखर चोरून खायचा, म्हणून शेवटी मध घाला, दाट असतो, चालेल.

दुसऱ्या दिवशी पावाच्या कडा कापा, मऊ भाग दुधाअंड्यात तासभर भिजवा, घोटा आणि वाटीत वाफवा. ओव्हनमध्ये भाजू नका, रंग आला की पापुद्रा कडक होतो. लोणी भरपूर. वजन वाढवायचं आहे, तिथे हात आखडता घेऊ नका.

खाऊन झाल्यावर काय म्हणतो ते कळवा. मला ऐकायची हौस नाही, पण माझ्या पाठीमागे बोललेलं मला आवडत नाही.

कँटीनवाली

२५ जून

वन्सं,

शेहेचाळीस तीनशे.

ओट्सची वाटी संपली. पाटीवर लिहिलं, ‘छान शिजलेत. घोड्याला आवडले असते.’ वाफवलेला पावही संपला. त्यावर लिहिलं, ‘हा पदार्थ दात नसलेल्यांसाठी आहे की चव नसलेल्यांसाठी, ते आधी ठरवावं.’

आणखी एक आहे. ते लिहू की नको म्हणून दोन दिवस पत्र अडवून ठेवलं. परवा वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि लिहिलं, ‘चीजकेक जमत नाही, म्हणून ओट्सच्या मागे लपली आहे.’

मी पाटी लगेच पुसून टाकली.

वहिनी

२९ जून

वहिनी,

लपली आहे म्हणे.

आता नीट लिहून घे. अर्धा किलो क्रीम चीज फ्रीजबाहेर दोन तास. थंडगार चीज घोटलंस तर कण राहतील आणि कण म्हणजे ठसका. पाव किलो दाट साय, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, अर्ध्या लिंबाचा रस. लाकडी चमच्याने, मशीन नको, मशीनने हवा भरते आणि मग वर भेगा पडतात. अंडी तीन, एकेक, नुसती ढवळून मिसळायची. सगळं चाळणीतून काढ. खाली बिस्किटं नाहीत, तेव्हा डब्याला लोणी लावून कागद लाव. डबा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये, ओव्हन मंद. मधला भाग जरासा थरथरत असतानाच बंद कर, दार किलकिलं ठेव आणि तासभर तिथेच राहू दे. मग फ्रीजमध्ये बारा तास. अकरा नाहीत. कोणी तापाने फणफणलेलं असो, मरणाला टेकलेलं असो, बारा तासांच्या आत सुरी लावायची नाही. ही अक्कल मला त्या रविवारी आली. कापल्यावर वरचा पापुद्रा काढून टाक, त्याच्या घशाला तो नको.

त्या दिवसानंतर मी कोणासाठी केक कापायची घाई केली नाही. कँटीनमध्ये चीजकेक होतो, सणासुदीला नव्हे, दर शुक्रवारी, आणि त्याच्यावर अजून कोणी नाक मुरडलेलं नाही.

आता माझी एक अट आहे. तुझ्या अक्षरातली त्याची मुक्ताफळं मला पुरे झाली. केक खाल्ला की त्याने कागद घ्यावा आणि जे काय म्हणायचं ते त्याच्या हाताने लिहावं. पाटी पुसता येते. मला पुसता न येणारं हवं. दोन ओळी असल्या तरी चालतील. वाईट लिहिलं तरी चालेल.

मी तुला अगंतुगं केलं आहे हे आता दिसलं. खोडाखोड करायला वेळ नाही.

कँटीनवाली

१० जुलै

वन्सं,

पत्राला उशीर झाला. चीजकेक केला होता, बारा तास थांबले. पहिल्या दिवशी दोन तुकडे, दुसऱ्या दिवशी दोन. वजन सत्तेचाळीस झालं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, कोणाला दिसू दिलं नाही.

आज पंचेचाळीसच्या खाली गेलं आहे. चार दिवस यांनी काही खाल्लेलं नाही. दाट केलेला चहा तेवढा घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. हे माझ्यामुळे झालं आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत. सांगितल्यावरही उघडतील का, मला माहीत नाही.

चष्मा शोधताना यांच्या हाती तुमची पत्रं आणि माझ्या पत्रांचे कच्चे खर्डे लागले, कपाटात टॉवेलांखाली ठेवले होते. सगळं वाचलं. कँटीनचं अंडं, घोडा, लपली आहे, सगळं. मग पाटीवर लिहिलं, ‘पुन्हा माझ्या नावाने?’

वन्सं, ते टोमणे यांचे नाहीत. मी रचले. अंडी खाल्ली त्या दिवशी यांनी पाटीवर लिहिलं होतं, ‘अजून आहे?’ ओट्सच्या दिवशी काहीच लिहिलं नाही, बोटाने वाटी पुसून बोट चाटलं, एवढंच. वाफवलेल्या पावाला मान डोलावली. हे मी तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून पुढचं पत्र लिहिलं नसतं. तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. कौतुकाने तुमचा हात आखडतो आणि अपमानाने सुटतो. मला तुमचा हात सुटायला हवा होता, कारण काटा खाली चालला होता.

आणि आता ‘पुन्हा’ का, ते सांगते.

तुमच्या दुकानाचा तो लेख यांनी लिहिला नव्हता. मी लिहिला. तोवर यांचे सगळे लेख मीच टाइप करत आले होते, आणि कधी यांची तब्येत बरी नसली की एखादा पूर्ण मीच लिहायचे. कोणाला फरक कळायचा नाही, याचा मला गर्व होता. त्या आठवड्यात यांना एकशे तीन ताप होता, शुद्ध नव्हती. संध्याकाळी सहापर्यंत लेख द्यायचा होता आणि घरात लिहिण्याजोगं एकच होतं, तुमचा डबा. डबा देताना तुम्ही दारात म्हणालात, ‘गरम आहे, उद्यापर्यंत फ्रीजमध्ये ठेव.’ मी ऐकलं होतं. ठेवला नाही. ओट्याशी उभी राहून खाल्ला आणि लिहिला. वाक्यं चांगली जमली होती. ती जमली म्हणूनच मी थांबले नाही. तुमचं काय होईल हा विचार मनात आला, पण तो सहानंतर आला.

यांनी तो रविवारीच वाचला, तुमच्यासारखाच पेपरात. मला म्हणाले, नाव माझं आहे, मी निस्तरेन. बायको लेख लिहिते हे बाहेर आलं असतं तर नोकरी गेली असती. पुढे नोकरी संपली, तरी आम्ही दोघं गप्प राहिलो. मी जास्त गप्प राहिले.

यांनी काल पाटीवर लिहिलं, ‘तिला सांग.’ म्हणून सांगते आहे. माफी मागत नाही, ती मागायला माझ्याकडे तोंड नाही. मला शिव्या घालायच्या त्या घाला. फक्त यांना एक ओळ लिहा. यांना.

वहिनी

१३ जुलै

वहिनी,

पत्र काल दुपारी आलं. कँटीनच्या मागच्या दारात उभ्याने वाचलं आणि मग भांडी घासायला घेतली, जे माझं काम नाही. माझ्या हाताखालच्या दोघी बाजूला झाल्या.

तुझ्यावर मी किती चिडले आहे हे लिहायला कागद पुरायचा नाही, म्हणून थोडक्यात आटपते. ‘कडेने रागावलेला’ हे मला अजून पाठ आहे. अकरा वर्षं मी ते त्याच्या आवाजात ऐकत आले. आता ते तुझ्या आवाजात ऐकायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. अकरा वर्षं अबोला चुकीच्या माणसाशी धरला. तेवढाच तुझ्याशी धरायचा तर तो सुटेपर्यंत मी एकोणसत्तरची होईन, आणि माझे गुडघे आत्ताच जिना चढू देत नाहीत. मला परवडत नाही. माफ केलं आहे असं समजू नकोस. ते बारा तासांत जमत नाही.

दुकानाचं मला तितकं वाईट वाटलं नाही, हे आज खरं सांगते. सहा टेबलांचं दुकान, कधी ना कधी बुडालंच असतं, भाडं आवाक्याबाहेरचं होतं. माझ्या भावाने मी मायेने दिलेला घास चव्हाट्यावर मांडला, ते मला सोसलं नाही. त्याच्याशी मी त्यासाठी भांडले. आणि त्याने तो घास पाहिलासुद्धा नव्हता.

त्याचंही मी कौतुक करणार नाही. गप्प बसून बायकोला वाचवलं म्हणून स्वतःला मोठा समजत असेल तर त्याला सांग, बहिणीला त्यात तुडवलं. आणि आता उपाशी राहून कोणावर उपकार करतो आहे? मी त्याची पत्रांतून सालं काढत होते तेव्हा तो निदान जेवत होता. अन्नावर राग काढणाऱ्या माणसाला माझ्या कँटीनमध्ये मी दारात उभं करत नाही.

उद्या बाटल्यांची गाडी तुमच्या बाजूला येते आहे. ड्रायव्हरकडे बर्फाच्या पेटीत स्टीलचा डबा दिला आहे. काल केलेला केक, पूर्ण थंड. तू सुरी लावू नकोस. त्याला कापू दे, तुकडा वाकडा आला तर येऊ दे. तुला त्याच्यासाठी ओळ हवी होती ना, ती डब्याच्या झाकणावर चिकटवली आहे. ‘दादा, खा.’ ह्यापेक्षा जास्त मला सुचलं नाही.

तुझी वन्सं

१६ जुलै

ठमे,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. पाटीची सवय झाली आहे, कागदावर पेन पळतं.

केक मीच कापला. तुकडा वेडावाकडा आला, तो तसाच खाल्ला. ज्या केकवर माझ्या नावाने एवढं रामायण झालं, त्याचा तो तुकडा अकरा वर्षांपूर्वी माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. तुझ्या वहिनीने माझ्या वाटणीचा खाल्ला आणि वर छापलाही. म्हणजे तुझ्या हातचा चीजकेक मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. तेव्हा माझं मत ऐक. लिंबू जास्त झालं आहे. साखर घालताना तुझा हात घाबरला. मधोमध पूर्ण शिजलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. घशातून कसा गेला हे कळलंही नाही, त्याबद्दल तर अजिबात नाही.

मी गप्प बसलो ते मोठेपणाने नाही. आधी नोकरीची भीती होती, नोकरी गेल्यावर तुझी. तू तर लहानपणापासून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतेस. आता मला ओरडता येत नाही, तेव्हा सामना बरोबरीचा नाही, पण मी तयार आहे.

तीन दिवसांत तुझ्या वहिनीने दोनदा वजन केलं. आजचा आकडा तिने कॅलेंडरवर लाल शाईने लिहिला आहे आणि मला दाखवत नाही. तिच्याशी बोल किंवा बोलू नकोस, ते तुमचं तुम्ही बघा. ती स्वयंपाकघरात गेली की हल्ली भांडी हळू ठेवते, ते मला ऐकवत नाही.

शेवटचा तुकडा उद्यासाठी ठेवला आहे. तुझा डबा मी परत पाठवणार नाही. तो न्यायला तुला यावं लागेल.

दादा